पायथनमधी चूक सापडली, आता सांगायचं कुणाला?

मी परभणीचा. सेकंड इयरला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना आमच्या कृषी सेवा केंद्राची उधारीची यादी गावावार लावायचं डोक्यात घेतलं, यादी अर्थातच मराठीत. पायथनला मराठी आकडे कळतात, मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटमधी '२५०' टाकलं की गपगुमान अडीचशे येतात, म्हणून मी निवांत होतो. पण शब्द वेगळे करायला रेगेक्सचं (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर' ही खूण, लावलं अन् पाथरीचं 'प' आणि 'थर' झालं, सेलूचं 'स' आणि 'ल', परभणीची तर वेलांटीच गायब. दोन रात्री मी माझाच कोड तपासत बसलो. मग कळलं, ती खूण काना-मात्रा-वेलांटीला अक्षरात धरतच नाही.

लै राग आला, लांबलचक तक्रार लिहायला घेतली, तर सिनियर म्हणला आधी शोध की बाबा. पायथनचा कोड जिथं असतो त्या गिटहब साइटवर जुने इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, चाळले तर ही तक्रार २००७ पासूनची! मग दुरुस्त कामून नाही? तर डॉक्युमेंटेशनमधी, म्हणजे पायथनच्या अधिकृत माहितीत, नियमच तसा लिहिलेला आहे, आणि आता बदलला तर त्याच्यावर चालणारे जुने प्रोग्राम बिघडू शकतात. तेव्हा कुठं डोकं थंड झालं.

नवीन पोरांना एवढंच सांगतो, भाषा अशी पाहिजे तशी पाहिजे म्हणणारे ढीगभर असतात. २०१८ ला वॉलरस ऑपरेटर (:=) या नव्या चिन्हावरून एवढी वादावादी झाली की पायथन बनवणारा खुद्द गिडो व्हॅन रॉसम प्रमुखपद सोडून बाजूला झाला, आता निवडून आलेले पाच जण शेवटचा निर्णय घेतात. मोठा बदल पाहिजे तर पेप नावाचा प्रस्ताव लिहावा लागतो, अन् तुम्ही कोअर डेव्हलपर, म्हणजे पायथन सांभाळणाऱ्या मुख्य टीममधले, नसाल तर सहसा त्या टीममधला एक जण स्पॉन्सर म्हणून पाठीशी लागतो. आपल्याच्यानं ते लगेच होत नाही, खरं सांगायचं तर.

आपल्याच्यानं होतं काय, तर चूक कळवताना तीन ओळींचा कोड द्यायचा. काय दिलं, काय आलं, काय यायला पाहिजे होतं, व्हर्जन कोणतं, बस. 'पाथरी' टाकून दाखवलं की मराठी न येणाऱ्यालाही कळतं. डॉक्युमेंटेशनमधलं एखादं गोंधळाचं वाक्य सुधारणं तर अजून सोपं, सुरुवात तिथूनच करा.

आणि बीटा, म्हणजे रिलीजच्या आधी तपासायला दिलेलं व्हर्जन. नवीन व्हर्जन ऑक्टोबरात येतं पण बीटा मे महिन्यातच निघतो, तेव्हा सांगितलेली गडबड रिलीजच्या आधी निघू शकते. मी दरवर्षी तीच उधारीची यादी बीटावर चालवतो. मागच्या खेपेलाही 'प' आणि 'थर'च आलं.