मिटिंगमध्ये गप्प बसणाऱ्यांना बोलतं कसं करायचं? टीमची चर्चा चालवणाऱ्यांसाठी

"उद्याची मिटिंग तू घे" असं साहेबांनी सांगितलं की बरेच जण लगेच पीपीटी करायला बसतात. त्याआधी जरा बघा, तुमच्या टीममध्ये मिटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर काय बोलणं होतं. आत सगळे मूग गिळून बसलेले आणि बाहेर आल्यावर "अरे हे होणारच नाही, मला आधीच माहिती होतं" असं चालत असेल तर चर्चा चालवणाऱ्याचं खरं काम तेच आहे, ते टपरीवरचं बोलणं टेबलावर आणायचं. ज्याला माहिती आहे तो बोलला पाहिजे, आणि साहेब बोलायच्या आधी बोलला पाहिजे. माझ्या मते बाकीची सगळी टेक्निक्स यानंतर.

एक उदाहरण धरून चालू. समजा चाकणकडची एखादी छोटी कंपनी आहे, प्लास्टिकचे पार्ट बनवते, आणि ओरखडे पडलेत म्हणून कस्टमरकडून माल परत येतोय. मिटिंगला प्रॉडक्शन, क्यूसी (माल तपासणारे), परचेस, डिस्पॅच सगळे आहेत.

१. आधी प्रश्न नीट लिहा

अजेंडात "रिजेक्शनबद्दल चर्चा" असं लिहिलं की प्रत्येक डिपार्टमेंट आपली बाजू सांभाळायची तयारी करूनच येतं. त्याऐवजी लिहा, "पार्ट मोल्डमधून निघाल्यापासून कस्टमरकडे पोचेपर्यंत ओरखडा कुठे कुठे पडू शकतो?" या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाला दोषी धरावं लागत नाही. प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, गाडी भरकटली की तिकडे बोट दाखवता येतं.

२. साहेबांशी आदल्या दिवशी बोला

"सर, उद्या तुम्ही शेवटी बोललात तर बरं होईल, आधी मुलांचं ऐकून घेऊ" एवढं सांगायचं, पण एकट्यात, चारचौघांत नाही. बहुतेक साहेब ऐकतात. याचं कारणही सांगा. १९५१ साली सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रेषांची लांबी ओळखायचा एक साधा प्रयोग केला होता, त्यात खोलीतली बाकीची माणसं ठरवून चुकीचं उत्तर द्यायची, आणि खरं उत्तर डोळ्यांसमोर असताना लोक साधारण एक तृतीयांश वेळा त्या चुकीच्या घोळक्यामागे गेले. तिथे तर कुणी बॉस पण नव्हता! पण त्याच प्रयोगांत असंही दिसलं की खोलीत एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी लोकांचं असं वाहवत जाणं खूप कमी होतं. म्हणून ज्याच्याकडे वेगळं मत आहे हे तुम्हाला माहितीये त्याला आधी भेटा आणि "उद्या हे मांडशील का, मी जागा करून देतो" असं विचारा. त्याने नको म्हटलं तर आग्रह नको.

३. पाच मिनिटं गप्प बसून लिहायचं

हे सगळ्यांना विचित्र वाटतं आणि हेच सगळ्यात जास्त चालतं. प्रत्येकाला कागद द्या, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, जे सुचेल ते लिहायचं. सगळ्यांनी एकत्र बसून आयडिया काढल्या की जास्त निघतात असं आपण धरून चालतो, पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं तेव्हा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर ग्रुपपेक्षा जास्त भरल्या. मग एकेक करत सगळ्यांनी वाचायचं, एका फेरीत एकाने एकच मुद्दा, मध्ये कुणी बोलायचं नाही, सुरुवात सगळ्यात ज्युनिअर माणसापासून.

आणि इथे भाषेचं सांगतो, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. मिटिंग इंग्रजीत सुरू झाली की अर्धी खोली तिथेच बाद होते, ज्याचे हात रोज त्या पार्टला लागतात तो माणूस "यस सर, ओके सर" एवढ्यावर येतो. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं, जसं येईल तसं लिहा आणि बोला हे सुरुवातीलाच स्वतः मराठीत बोलून दाखवा. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांनी शेजारच्याला सांगायचं, तो लिहील. ऑनलाइन असाल तर सगळ्यांनी चॅटमध्ये टाइप करून ठेवायचं आणि तुम्ही सांगाल तेव्हा एकदम पाठवायचं.

४. चर्चा सुरू झाली की तुमचे डोळे कुठे?

बोलणाऱ्याकडे तर बघाच, पण बाकीच्यांकडे जास्त बघा. कोण मान खाली घालतंय, कोण कुणाकडे बघून हसतंय, टीम कशी आहे ते यावरून कळतं.

आता आपल्या कंपनीत डिस्पॅचचे काका कोपऱ्यात बसलेत. "काका, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तर ते म्हणणार "बरोबर आहे सगळ्यांचं". त्यापेक्षा फक्त त्यांनाच माहिती असलेलं विचारा, "काका, गाडी भरताना पेट्या रोज तुमच्या हातात येतात, हल्ली काही वेगळं दिसतंय का?" आणि थांबा. पाच-सहा सेकंद शांतता राहिली तरी ती भरायची नाही. काका म्हणतात, "आतलं पार्टिशन पातळ आलंय, दिवाळीपासून. पार्ट एकमेकांवर घासतात."

झालं, परचेसवाले उसळणार, "म्हणजे आम्ही हलका माल आणला का?" हा क्षण सांभाळला नाही तर काका पुन्हा वर्षभर बोलणार नाहीत, आणि त्यांच्याकडे बघून बाकीचेही नाहीत. लगेच, शांतपणे म्हणायचं, "आज आपण कुठे ते शोधतोय, कुणी ते नाही. पार्टिशन लिहून घेतो. काका, अजून कुठे?" आणि खरंच फळ्यावर लिहायचं. फार बोलणाऱ्यालाही हाच उपाय, मुद्दा त्याच्याच शब्दांत लिहा, "हे आलं, आता दुसऱ्यांचं ऐकू" म्हणा, लिहिलेलं दिसलं की माणूस तेच तेच बोलत नाही.

संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स अभ्यासताना दिसलं की चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. त्यामुळे तुमच्या टीममध्ये कुणीच काही चूक सांगत नसेल तर खूश होऊ नका, काळजी करा.

५. टीम कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले चार टप्पे बऱ्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात: माणसं जमतात, मग खटके उडतात, मग रीत बसते, मग काम धावतं. टीम नवीन असेल तर सगळे गोड बोलतात, तेव्हा दोन-तीन जणांच्या छोट्या गटांत बोलायला लावा. खटके उडायला लागले तर घाबरून मिटिंग गुंडाळू नका, भांडण मुद्द्यावर आहे तोवर चालू द्या. आणि नवा मॅनेजर आला किंवा जुनी दोन माणसं सोडून गेली की जुळलेली टीमही मागे जाते, त्यांना परत तेवढा वेळ द्यावा लागतो.

६. "चालेल ना सगळ्यांना?" असं विचारू नका

याला सगळे हो म्हणतात. बोटं दाखवायला सांगा, पाच म्हणजे पूर्ण पटलं, एक म्हणजे अजिबात नाही, सगळ्यांनी एकदम. तीन किंवा कमी दाखवली त्याला "काय बदललं तर चार होतील?" एवढंच विचारा. अजून एक, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची पद्धत: समजा तीन महिन्यांनी हा निर्णय सपशेल फसलाय, का फसला ते लिहा. आपल्याकडे हे फार उपयोगी पडतं, कारण साहेबांच्या आयडियाला विरोध केल्यासारखं होत नाही.

७. त्याच दिवशी लिहून पाठवा

काम, नाव, तारीख, एवढंच, व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पुढच्या मिटिंगची पहिली दहा मिनिटं याच यादीवर घालवा, आणि काम राहिलं असेल तर "का नाही झालं" च्या ऐवजी "कुठे अडलं, कुणाची मदत हवी" असं विचारा. पार्टिशनचं काय झालं हे काकांना मिटिंगची वाट न बघता जाऊन सांगा, बदललं असेल तरी आणि नसेल तरी.