फराळाच्या पाउचचं डिझाइन: क्लायंट आणि टीम दोन्ही कसं सांभाळायचं

गणपती बसायच्या आधीच फराळवाल्यांचे फोन सुरू होतात, दिवाळीला नवीन पाउच पाहिजे म्हणून. आमची टीम छोटी आहे, दोन डिझायनर, एक जण मॅटर (छापायचा मजकूर) आणि प्रूफ (छपाईआधीचा तपासायचा नमुना) बघतो आणि क्लायंट मी सांभाळते. काम अडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने, शेवटचा होकार कोणाचा हे आधी ठरलेलं नसतं.

म्हणून पहिल्याच मीटिंगला सरळ विचारायचं, फायनल कोण करणार? घरच्या धंद्यात मुलगा भेटायला येतो, इन्स्टाग्रामवरचे नमुने दाखवतो, पण शब्द वडिलांचा नाहीतर काकांचा चालतो. एकदा चिवड्याच्या पाउचचं तिसरं प्रूफ मंजूर झालं आणि मग घरातल्या आजी म्हणाल्या हा लाल आपला नाहीच, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आजींचं बरोबर होतं, गिऱ्हाईक त्या लाल रंगावरूनच पुडा ओळखायचं. आता आम्ही जुना पुडा आणि घरातलं मोठं माणूस, दोन्ही पहिल्या दिवशी बघतो.

दुसरं, पूर्ण मॅटर आल्याशिवाय लेआउट सुरू करू नका. घटक, वजन, पत्ता, हिरवा ठिपका, बारकोड, १४ आकडी एफएसएसएआय नंबर (खाद्यपदार्थाच्या लायसन्सचा). नंबर व्हॉट्सॲपवरच्या धूसर फोटोवरून टाइप करू नका, लायसन्सची पीडीएफ मागवा. मॅटर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आलं तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या टायपिंगमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर पुन्हा वाचा, जोडाक्षरं हमखास तुटतात. फॉन्टमधला ल आणि श मराठी वळणाचा आहे का तेही बघा, बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे असतात आणि आपल्याकडच्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

इतकी काळजी का, तर मोठ्या ऑर्डरचे पाउच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या मशीनवर छापतात आणि तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. चार रंग, खाली पांढरा आणि तो खास लाल धरला तर ६ सिलिंडर झाले. कोरल्यावर एक काना चुकलेला दिसला तरी तो सिलिंडर नवीन करावा लागतो. म्हणून वजन, पत्ता असा बदलू शकणारा मजकूर आम्ही एकाच रंगात ठेवतो, शक्यतो काळ्यात, म्हणजे उद्या दुरुस्ती आली तर एकाच सिलिंडरवर निभावतं. तारीख आणि बॅच नंतर मशीनवर पडते, तिला मोकळी जागा सोडा. प्रेसला फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या, पण टेक्स्टवाली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

करेक्शन घेणारा माणूस एकच. क्लायंटने डिझायनरला थेट फोन केला तरी तिने गोड बोलून माझ्याकडे पाठवायचं, व्हॉइस नोट आली तर ती मी लिहून काढते, तारीख टाकते आणि क्लायंटला परत पाठवून "एवढंच ना?" असं विचारते. आपसात मात्र कच्चं काम असतानाच एकमेकांना दाखवायचं, कारण सजवून झाल्यावर कोणाचंच मन बदलायला तयार नसतं. ज्याने टाइप केलं त्याने प्रूफ वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि नंबर आकडा आकडा करत.

पैशाचं थोडक्यात. अर्धा ॲडव्हान्स, करेक्शनच्या दोन फेऱ्या त्यातच, पुढच्या फेरीचे वेगळे, ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) सगळे पैसे आल्यावर, आणि हे सगळं ईमेलवर लेखी. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते ती करून ठेवा, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे आणि बिलावर उद्यम नंबर टाकला की ते मागताना जड जात नाही.

पहिला रोल निघताना डिझायनरला घेऊन प्रेसवर जाच, सही केलेलं प्रूफ बरोबर न्या आणि रंग बाहेर दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली लाल वेगळाच दिसतो. आजींचा तो जुना पुडा आमच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे, त्यांचं काम निघालं की रंग जुळवायला तोच नेतो.