विंडोज ११ टाकताय? प्रोसेसर तापायच्या आधीची तयारी

आधी फोटो काढा. बॅकअप, पेनड्राइव्ह, चार्जर हे सगळं नंतर. विंडोज १० अजून चालू आहे तोवर मशीन रीस्टार्ट करा, दहा मिनिटं त्याला हात लावू नका आणि मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारे वर येतात. त्याचा मोबाइलने फोटो. दुसरा फोटो परफॉर्मन्सच्या पानाचा, त्यात टक्के, गिगाहर्ट्झमधला वेग आणि चालू प्रोसेसची संख्या स्पष्ट वाचता आली पाहिजे. तिसरा फोटो रोजचं काम उघडून ठेवून, म्हणजे टॅली, क्रोमचे टॅब, जे काय असेल ते. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. अपग्रेडनंतर सोसायटीच्या ऑफिसातल्या मशीनवर प्रोसेसरचे पस्तीस टक्के दिसायला लागले, आणि ते आधी पाच होते की आधीपासून पस्तीसच होते हे सांगायला कुणाकडे पुरावा नव्हता. खजिनदार म्हणाले, “आधी असं अजिबात नव्हतं हो.” सेक्रेटरी म्हणाले, “पंखा तर पहिल्यापासून असाच ओरडतो.” दोघेही छातीठोक. त्या वादात रविवार गेला.

तारीख बघून ठरवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापराच्या मशीनला नाव नोंदवून मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणायची सोय उरलेली नाही. तरीही म्हणून वीस तारखेच्या आदल्या दिवशी बसू नका, जीएसटीचं थ्रीबी विवरणपत्र भरायचं असतं. सोसायटीचं मशीन असेल तर सप्टेंबर सोडाच, ३० तारखेच्या आत वार्षिक सभा आणि ताळेबंद त्याच हार्डडिस्कवर. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करावं, म्हणजे सोमवारपर्यंत कुणी “पावती काढून द्या” म्हणत दारात उभं राहत नाही. मे महिना शक्यतो टाळा. एसी नसलेल्या केबिनमध्ये पंखा काम करून करून थकतो, मग दोष विंडोजचा की उकाड्याचा ते कळत नाही.

मशीन पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकमध्ये बघा. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप, किमान ४ जीबी रॅम. किमान म्हणजे किमान, ४ जीबीवर रखडायचं असेल तर तुमची मर्जी. पात्र नसलेल्या मशीनवरही ‘करून देतो’ म्हणणारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, भेटतील. करूनही देतात. पुढे काही बिघडलं की मात्र तुम्ही एकटे.

बॅकअप, अर्थातच. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहा, कारण बायोस अपडेट करताना ती मागितली जाऊ शकते आणि त्या वेळी ती त्याच बंद मशीनमध्ये असून उपयोग नाही. वाय-फाय, चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, तुमच्या मॉडेलचे, निर्मात्याच्याच साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर. विकतचा अँटिव्हायरस असेल तर अपग्रेडआधी काढा, त्या कंपनीचं स्वतःचं काढण्याचं साधन वापरून, आणि नंतर नवी आवृत्ती टाका. जुन्या आवृत्तीचे अर्धवट राहिलेले ड्रायव्हर ही प्रोसेसर खाणारी मोठी जमात आहे. छपाईचं काम करणाऱ्यांनी जुन्या मराठी फॉन्टच्या डोंगलचा (परवान्यासाठी यूएसबीला लावतात तो तुकडा) नवा ड्रायव्हर निघालाय का, ते आधी विचारून घ्यावं. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचंही तेच.

चार्जरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे भलेभले फसतात. काही लॅपटॉपना चार्जर ओळखता आला नाही की ते प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ओढतात. एरवी दोन-अडीच गिगाहर्ट्झवर चालणारी चिप एकच्याही खाली येते, मग साधी एक्सेल उघडली तरी शंभर टक्के. माणूस विंडोजला शिव्या घालत बसतो आणि खरा गुन्हेगार पिनेला लोंबत असतो. परफॉर्मन्सच्या पानावर वेग लिहिलेला असतो, तो बघा. आणि आधी किती होता? फोटो काढला असेल तर कळेल.

पंखाही अपग्रेडच्या आधीच साफ करा. मुंबईची धूळ सुकी राहत नाही, दमट हवेत ती पंख्याच्या पात्यांना आणि जाळीच्या आतल्या बाजूला चिकटून राखाडी नमदा तयार होतो, आणि नुसत्या फुंकरीने तो निघत नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळं सोडलंत तर हवेच्या जोराने ते भरमसाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. साफ केल्यावर पुन्हा फोटो. हो, पुन्हा. सफाईआधीचा आकडा अपग्रेडनंतरच्या आकड्याशी लावलात तर तुलनेला अर्थ नाही.

आता अपग्रेड. ते आपलं आपण होतं, चार्जर लावून ठेवा.

झाल्याबरोबर प्रोसेसर उसळणारच. घाबरून लगेच गूगलवर सापडलेले दहा उपाय करू नका. सर्च इंडेक्सर सगळ्या फायलींची यादी नव्याने करतो, डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस फायली तपासतो आणि टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल या नावाने दिसतो, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर राहिलेले अपडेट बसवतो, डॉटनेटची ऑप्टिमायझेशन सर्व्हिस आपला माल पुन्हा संकलित करते, वनड्राइव्ह सगळं ढगात चढवायला बघतं. ही कामं मशीन मोकळं असताना उरकतात. म्हणून पहिल्या रात्री स्लीप बंद करून, झाकण उघडं ठेवून, चार्जर लावून ते तसंच चालू राहू द्या. पलंगावर, गादीवर नको, टेबलावर. इंडेक्सर कुठवर आलाय हे बघायचं तर कंट्रोल पॅनेलच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये झालेल्या वस्तूंचा आकडा वाढताना दिसतो, काम उरकलं की तसं लिहूनही येतं. ऑफिसात स्कॅन केलेल्या पीडीएफ खच्चून भरल्या असतील तर वेळ लागणार.

एक-दोन दिवस द्या, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक फोटो काढा. उतरतंय का एवढंच बघायचं. कशाच्या मानाने उतरतंय? त्या पहिल्या फोटोच्या. नसेल तर अंदाजपंचे दाहोदरसे, आणि मग पुन्हा खजिनदार विरुद्ध सेक्रेटरी.

वाचताना होणाऱ्या चुका. डीटेल्सच्या यादीत सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ दाखवते म्हणून फोन करणारे आहेत. ती रिकामी शक्ती आहे, जितकी जास्त तितकं बरं. टास्क मॅनेजर उघडताना क्षणभर आकडा उडतो तो त्याचा स्वतःचाच, पाच-दहा सेकंद थांबून मग वाचा. आणि शेजारचा डिस्कचा रकाना बघा. तिथे शंभर आणि सीपीयू वीस असेल तर प्रोसेसरच्या मागे लागू नका, जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. याहून चांगला खर्च नाही.

शट डाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रोज रात्री इमानदारीने मशीन बंद करणाऱ्यांचा अप टाइमही (रीस्टार्टपासून किती वेळ चालू आहे तो आकडा) त्यामुळे आठवडाभराचा दिसतो. काहीही तपासण्याआधी रीस्टार्ट.

दोन दिवसांनीही उतरलं नाही तर नाव पकडा. सर्व्हिस होस्ट वर असेल तर त्याच्यावर राइट क्लिक करून आत कोणती सर्व्हिस आहे ते उघडा, सर्व्हिस होस्ट हे नुसतं खोकं आहे. डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट असेल तर तो बिचारा दुसऱ्याच कुणा प्रोग्रामला मशीनची माहिती पुरवत असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, डब्ल्यूएमआय अ‍ॅक्टिव्हिटीची नोंद उघडा, क्लायंट प्रोसेस आयडी वाचा आणि तो नंबर टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये शोधा. बहुतेकदा लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं एखादं ‘केअर’ किंवा ‘असिस्टंट’ निघतं. काढून टाका. सिस्टिम इंटरप्ट्स एक-दोन टक्क्यांच्या वर टिकून असेल तर मामला हार्डवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. यूएसबीला लावलेलं एकेक काढत जा, मग पेनड्राइव्हवरचे ड्रायव्हर टाका. नुसतं ‘सिस्टिम’ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं प्रोसेस एक्सप्लोरर घ्या, ते आतले थ्रेड दाखवतं आणि ड्रायव्हरची फाइल नावानिशी सापडते. डिफेंडर जास्त खातोय म्हणून तो बंद करायचा नाही. क्रॅक केलेलं काही मशीनवर असेल तर तो उगाच खात नसेल.

नाव सापडलंच नाही तर क्लीन बूट, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिस बंद ठेवून मशीन सुरू करणं. एमएसकॉन्फिगमध्ये आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवा, मगच उरलेल्या बंद करा. उलटं केलंत तर निस्तरा. रीस्टार्ट, फोटो, मग अर्ध्या-अर्ध्या चालू करत जा. सिस्टिम फायलींचा संशय असेल तर आधी डिसमचं रिस्टोअर हेल्थ, मग एसएफसी स्कॅन (दोन्ही विंडोजच्याच दुरुस्तीच्या आज्ञा), याच क्रमाने.

जुन्या विंडोजवर परतायची मुदत दहा दिवसांची. त्या दहा दिवसांच्या आत डिसमच्या आज्ञेने ती ६० पर्यंत वाढवता येते, नंतर नाही. जागा मोकळी करायच्या नादात ‘मागचं विंडोज’ पुसलंत तर दारच बंद. आठव्या दिवशी ठरवा, फोटो शेजारी शेजारी ठेवून.

राहिलंच. क्लीन बूटमध्ये बंद केलेल्या सर्व्हिस परत चालू करा, स्लीप परत लावा, प्रिंटरवर एक पावती छापून बघा.