ग्रामसभेशी व्यवहार करताय? या चुका टाळा

गडचिरोलीत तेंदूपत्ता किंवा बांबू घ्यायला येणारे बरेच व्यापारी आदिवासी गावाकडे मजूर मिळण्याचं ठिकाण म्हणून बघतात. इथेच पहिली चूक होते. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंची, मालकी गावाची आहे, आणि बांबू व तेंदू दोन्ही त्यात येतात. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे तुम्ही मालकाशी सौदा करत आहात. बोलणं, कागद, पैसा, सगळं त्याच हिशोबानं व्हायला हवं.

सरपंचाची सही घेतली की झालं, असं समजणं. ग्रामपंचायतीत अनेक गावं असतात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागात, एखाद्या टोल्याचीही (छोट्या वस्तीचीही) स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. जंगल ज्या ग्रामसभेचं, ठराव तिचाच हवा. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. हे तपासलं नाही, तर पुढे कोणीही हरकत घेतली की ट्रक जागेवरच अडकतो. एखाद्या पुढाऱ्याला परस्पर ॲडव्हान्स देऊ नका. त्यातून गावात फूट पडते आणि ती तुम्हाला निस्तरता येत नाही.

तारीख आपल्या सोयीनं लावणं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून घरदार मोहफुलं वेचायला जातं. त्यानंतर तेंदूचा हंगाम येतो आणि पाऊस पडला की धानाची कामं. सभेची वेळ गावालाच ठरवू द्या. मेंढ्यासारख्या गावात निर्णय सर्वसहमतीनं होतो, त्यामुळे एका बैठकीत होकार मिळेलच असं नाही. दुसऱ्या बैठकीची तयारी ठेवूनच या.

हिशोब तोंडी ठेवणं. सर्वात जास्त भांडणं इथेच होतात. संध्याकाळी बाया डोक्यावर पानांचे भारे घेऊन फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, येतात. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. मोजणी शेकड्यानं होते. व्यापाऱ्याचा मुन्शी (कारकून) घाईघाईत मोजतो, एखादं पुडकं ‘पानं कमी’ म्हणून बाजूला टाकतो आणि दिवसभर उन्हात फिरलेल्या बाईला आपली मेहनत कुठे गेली ते कळतही नाही. म्हणून मोजणी ग्रामसभेनं नेमलेल्या माणसासमोर व्हावी, बाद पुडक्याचं कारण तिथेच सांगावं आणि कार्डावर आकडा त्याच वेळी चढवावा. संकलनाची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी हे दोन वेगळे पैसे आहेत, तेव्हा करारात दोन्ही वेगळे लिहा. फळीवर वाळत घातलेला पाला अवकाळी पावसात भिजला तर नुकसान कोणाचं, हेही आधीच ठरवा. रक्कम उशिरा दिली तर व्याज किती, हे मराठीत लिहा आणि सभेत वाचून दाखवा. गोंडी बोलणारी म्हातारी माणसं असतील तर त्यांना गोंडीत समजावून सांगा.

ज्ञान फुकट समजणं. केरळच्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं. परवाना शुल्क आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांचा ट्रस्ट झाला. ट्रस्ट सौद्याच्या मागून आला, म्हणून सगळ्या काणी वस्त्या त्यात पहिल्यापासून सामील नव्हत्या आणि कुरबुरी झाल्या. आधी संपूर्ण समाजाला विचारा, मग औषधाचं बोला.

नकाराला सौदेबाजी समजणं. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं. नाही म्हटलं की विषय संपला.

सौदा आधीच बिघडला असेल तर मध्यस्थ पाठवू नका. स्वतः जा, थकलेली मजुरी आधी चुकती करा, मोजणीची वही सभेपुढे ठेवा आणि नवा दर ग्रामसभेलाच सांगू द्या.