स्कूबा शिकायचंय? मग आधी बेसिक पक्कं करा

मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो, मासे दाखवतो, मजा येतेच, पण खरं शिकायचं तर ओपन वॉटर कोर्सच करा, आधी पूल, मग समुद्रात 4 डाइव्ह, आणि 18 मीटरपर्यंतचं सर्टिफिकेट.

सगळ्यात जास्त घोटायचं ते मास्क क्लिअरिंग. मुद्दाम मास्कमध्ये पाणी घ्या, वरची कड बोटांनी कपाळावर दाबा, मान जरा वर करा आणि नाकातून सावकाश श्वास सोडा, पाणी खालून निघून जातं. पहिल्यांदा नाकात पाणी जाऊन माझा जीव घाबरलेला, म्हणून सांगतो, उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून वीस-वीस वेळा करा, हात आपोआप चालायला हवा.

श्वास कधीच रोखायचा नाही!! 10 मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते, फुफ्फुस फाटू शकतं. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकायचं, नाही उघडले तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नकोच.

बॉयन्सीला, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी राहायला, वेळ लागतो, श्वास घेतला की किंचित वर, सोडला की खाली, तळाला पाय न लावता दोन मिनिटं तरंगता आलं की पुढचं शिका.