पोलीस बंदोबस्ताचा खर्च कोणाच्या तिजोरीतून झाला, हे कसे शोधावे

क्रिकेटचा सामना, तिकीट लावून होणारा संगीताचा कार्यक्रम, राजकीय सभा आणि आषाढीची वारी या चारही ठिकाणी रस्त्यावर उभा असलेला पोलीस एकच असतो, पण त्याच्या त्या दिवसाच्या कामाचा खर्च प्रत्येक वेळी एकाच खिशातून जातो असे नाही. तो कोणाच्या खिशातून गेला हे कळणे हा करदात्याचा हक्क आहे आणि महाराष्ट्रात ते शोधून काढणे सामान्य नागरिकाला जमण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी कागद नेमका मागावा लागतो.

पहिली पायरी म्हणजे कार्यक्रमाचा प्रकार ठरवणे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४७ नुसार एखाद्या व्यक्तीने अर्ज केल्यास तिच्या खर्चाने जादा पोलीस नेमता येतात. नफ्यासाठी भरवलेल्या सामन्यांचा आणि कार्यक्रमांचा सशुल्क बंदोबस्त या चौकटीत येतो व त्याचे दर गृह विभाग शासन निर्णयाने ठरवतो. याउलट वारी, गणेश विसर्जन किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा यांचा बंदोबस्त हे शासनाचे स्वतःचेच कर्तव्य मानले जाते आणि त्याचा भार सार्वजनिक निधीवर पडतो, जे योग्यच आहे. तेव्हा तिकीट कोणी विकले, प्रक्षेपणाचे हक्क कोणाकडे होते आणि परवानगीचा अर्ज कोणाच्या सहीने गेला, एवढे आधी टिपून ठेवावे.

दर कसे बदलतात याचे ठळक उदाहरण मुंबईतील क्रिकेटचे आहे. टी-ट्वेंटी सामन्यासाठी ७० लाख आणि एकदिवसीय सामन्यासाठी ७५ लाख रुपये असा असलेला दर जून २०२३ च्या शासन निर्णयाने १० लाखांवर आणण्यात आला, आणि तोही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, त्यामुळे सुमारे १४ कोटी ८२ लाखांच्या थकबाकीवर पाणी सोडण्याची वेळ आली. या निर्णयाविरुद्ध माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि २०२४ मधील सुनावणीत न्यायालयाने शासनाच्या भूमिकेवर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. थकबाकीचा हा विषय लोकांसमोर आला तो मुळात माहिती अधिकाराच्या अर्जांतून. पुढे होणाऱ्या सामन्यांसाठी दर कमी करणे हा धोरणाचा भाग म्हणून समजून घेता येईल, परंतु पुरवून झालेल्या सेवेचे येणे मागे जाऊन माफ करणे म्हणजे सार्वजनिक पैसा खासगी आयोजकाला देण्यासारखेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच अर्जात केवळ आजचा दर विचारून थांबू नये. कार्यक्रमाच्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सर्व सुधारणा, अशा दोन्ही मागाव्यात.

आता अर्जाकडे वळू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावून किंवा राज्य शासनाच्या ऑनलाइन सुविधेतून, संबंधित पोलीस आयुक्तालयाच्या अथवा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत बसावा, म्हणून पाल्हाळ टाळावे. “बंदोबस्तावर एवढा खर्च का केला?” असा प्रश्न विचारल्यास “मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही” असे एका ओळीचे उत्तर येते आणि महिना वाया जातो. त्याऐवजी मजकूर असा ठेवावा:

“अमुक मैदानावर अमुक तारखेस झालेल्या कार्यक्रमासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: आयोजकाने बंदोबस्तासाठी केलेला अर्ज, पुरवलेल्या मनुष्यबळाची हुद्दानिहाय एकूण संख्या दर्शवणारा अभिलेख, आयोजकास पाठवलेले मागणीपत्र किंवा देयक, शुल्क शासनजमा झाल्याचे चलन, आणि शुल्क माफ अथवा कमी केले असल्यास त्याबाबतचा आदेश.”

या पाचांपैकी चलन हा सर्वांत बोलका कागद आहे. त्यावर रक्कम, भरणा केल्याची तारीख आणि लेखाशीर्ष, म्हणजे शासनाच्या हिशेबात ती रक्कम कोणत्या खात्यात गेली याचा क्रमांक, छापलेले असते. पोलिसांच्या जमेचे मुख्य लेखाशीर्ष ००५५ असून इतर पक्षांना पुरवलेल्या पोलिसांपोटी येणारी रक्कम त्याखालील १०२ या गौण शीर्षात, म्हणजे उपखात्यात, जमा होते. पोलिसांवरचा खर्च मात्र २०५५ या मुख्य शीर्षाखाली पडतो. देयक आहे पण चलन नाही, असे आढळल्यास वसुली झालेली नाही असा प्राथमिक निष्कर्ष निघतो आणि पुढच्या अर्जात स्मरणपत्रांच्या प्रती मागता येतात. देयकच काढलेले नसेल, तर ती आणखी गंभीर बाब समजावी.

पोलिसांची तैनाती नेमकी कोठे होती, प्रवेशद्वारांचा आराखडा काय होता किंवा मान्यवरांच्या मार्गावर कोणती व्यवस्था होती, हे मागू नये. कोणाच्या जिवाला धोका पोहोचू शकेल अशी माहिती म्हणून ती माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(छ) खाली नाकारली जाऊ शकते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती नाकारणे रास्तही आहे. एकूण संख्या आणि रक्कम यांनी कोणाच्याही जिवाला धोका पोहोचत नाही; तरीही संपूर्ण अर्जच फेटाळला गेला, तर कलम १० चा आधार घेऊन गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती देण्याचा आग्रह धरावा.

सिंहस्थासारख्या सोहळ्यात वसुलीचा प्रश्न येत नाही, पण पैसा अनेक विभागांतून वाहतो: लोखंडी कठडे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, अग्निशमन आणि काही ठिकाणी कॅमेरे महापालिकेचे, होमगार्डचे भत्ते गृह विभागाचे. येथे एकाच कार्यालयाकडे संपूर्ण हिशेब मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक विभागाकडे स्वतंत्र अर्ज करून प्रशासकीय मान्यतेचा आदेश (खर्चाला दिलेली मंजुरी) आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) या दोन कागदांची मागणी करावी. नाशिकचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत असल्याने ही मागणी कामे संपण्याची वाट न पाहता, मान्यता निघत असतानाच करणे अधिक उपयोगाचे ठरते.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर कलम ६(३) नुसार त्याने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत २० रुपये शुल्क भरून त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे अपील करता येते. आयोगाकडे वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीस स्वतः हजर राहून अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी. नस्ती, म्हणजे त्या प्रकरणाची फाइल, समोर असली की टिपणीच्या पानांवरून शुल्कमाफीचा प्रस्ताव कोणी मांडला आणि कोणत्या कारणाने मंजूर झाला, हे उलगडते. थकबाकी किंवा माफी कागदोपत्री सिद्ध झाल्यावर त्या प्रती आपल्या आमदाराकडे देऊन विधिमंडळात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारण्याची विनंती करावी, आणि दुसरी प्रत सरकारी हिशेब तपासणाऱ्या मुंबई किंवा नागपूर येथील महालेखापाल कार्यालयास पाठवावी.