व्हील वेट चढवलं, पण दोन तासांनी नट पुन्हा आवळले का?

रोहिणी लागल्या. आठ-दहा दिवसांत मृग. अजून कितीतरी रानं नांगरायची राहिली आहेत. चाक जागेवर फिरायला लागलं की गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली व्हील वेट, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तबकडीला (डिस्कला) बोल्टने बसवायची बिडाची वजनं, घाईघाईने जुन्या ट्रॅक्टरला चढवली जातात. चढवा. वजनाशिवाय काळ्या रानात पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर पलटी नांगर खोल ओढत नाही. पण दोन तास नांगरट झाली की ट्रॅक्टर बंद करा, खाली उतरा आणि एकूण एक नट पुन्हा आवळा.

हे न केल्याने पीक जाताना मी पाहिलं आहे. आमच्याच शिवारात, मृगाच्या तोंडावर, एका ट्रॅक्टरचं डाव्या चाकाचं वजन सैल झालं. खडखड ऐकू येत होती, चालकाला वाटलं नांगराची आहे. दुपारी पाहिलं तर डिस्कची भोकं लंबगोल झालेली, आणि एका भोकापासून बोटभर चीर गेलेली. जुन्या मॉडेलची डिस्क दुकानात कुठे मिळते? भंगारातून शोधून आणेपर्यंत अकरा दिवस गेले. तेवढ्यात पाऊस पडला, वाफसा (पेरणीजोगी ओल) आला आणि गेलाही. पेरणीच्या गर्दीत भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना. सहा एकर सोयाबीन उशिरा पेरलं, आणि शेंगा भरायच्या वेळी रानात ओल उरली नव्हती. सगळं गेलं ते दहा मिनिटांची आवळणी टाळल्यापायी.

नट सैल का होतो ते नीट समजून घ्या. जुन्या डिस्कवर रंगाचे दोन-तीन थर असतात, खाली गंज, मध्ये वाळलेला चिखल. आपण नट आवळतो तो त्या थरांवर. नांगराचा हिसका बसला की थर चुरडतो, केसभर जागा मोकळी होते आणि बोल्टचा ताण निघून जातो. नट जागचा फिरलेला नसतो, तरी सैल झालेला असतो. म्हणून नुसतं बघून कळत नाही, पाना लावावाच लागतो. नटाभोवती तांबूस, मेंदीसारखी पूड दिसली तर समजा वजन आत हलतंय. तिथेच थांबा.

चढवताना:
- पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जमीन सपाट.
- डिस्क आणि वजनाची पाठ तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा.
- वजनाला हातोडी ठोका. टण वाजलं तर ठीक, भद वाजलं तर चीर आहे, ते लावू नका. बिडाला वेल्डिंग टिकत नाही.
- वरच्या दोन भोकांत लांब आटेवाल्या सळया घाला आणि वजन त्यांवर सरकवा. चाळीस-पन्नास किलोचा ऐवज आहे, दोन माणसं हवीत, बोटं मध्ये नकोत.
- टायरचा हवेचा व्हॉल्व्ह मोकळा राहतोय ना, बघा.
- बोल्ट ८.८ छापाचे (डोक्यावर मजबुतीचा हा आकडा असतो), जाड वायसर, समोरासमोरचे नट आळीपाळीने.
- दोन्ही चाकांना सारखंच वजन.

आवळण कितीची? कंपनीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा धरा. नसेल तर १६ मिमीच्या ८.८ बोल्टला, आटे कोरडे असताना, साधारण २० किलोग्रॅम-मीटर (kgf-m). म्हणजे पान्याला मीटरभर पाईप लावून टोकाला वीस किलोचा जोर. पाईपवर उभं राहून उड्या मारू नका, आटे ताणले जातात. मग दोन तासांनी एकदा, दहा तासांनी एकदा, आणि पुढे रोज सकाळी डिझेल भरताना पाना फिरवायचा. नटावरून वजनावर ऑइलपेंटची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटली तर नट फिरलाय हे लांबूनही दिसतं. रेघ सरळ आहे म्हणून पाना लावायचा टाळू नका, कारण वर सांगितलं तेच.

दुकानात गेलात की ‘स्पेशल’ बोल्टचा संच, लॉक होणारे वायसर, आणि बोलता बोलता नवे टायरही गळ्यात मारतात. स्प्रिंग वायसर कितीही महाग घ्या, खालचा गंज चुरडायचा थांबत नाही. ब्रश आणि पाना घरात आहे, तो वापरा. वजनांऐवजी टायरमध्ये पाणी भरणं त्याहून स्वस्त: व्हॉल्व्ह वर घेऊन पाऊण टायर. १३.६-२८ मापाच्या टायरला दीडशे-दोनशे लिटर बसतं. फक्त पेरणीआधी ते काढायचा कंटाळा येतो, म्हणून मला वजनंच बरी वाटतात.

वजन पुरेसं आहे का, हे रानातच मोजा. टायरवर चुन्याची खूण करा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवा आणि अंतर मोजा, समजा ४० मीटर. मग नांगर लावून दहा फेरे. ३५ मीटर भरलं तर घसरण साडेबारा टक्के, उत्तम. दहा ते पंधरा टक्क्यांत राहू द्या. त्याहून कमी घसरत असेल तर वजन जास्त आहे, डिझेल फुकट जातं आणि जुन्या गिअरबॉक्सवर ताण येतो. रानात मागच्या टायरला हवा १२ ते १४ पौंड (पीएसआय), दोन्हीकडे सारखी.

नांगरट संपली की वजनं उतरवा. ओल्या काळ्या रानात वजनासह पेरणीला गेलात तर चाकाच्या पट्ट्यात जमीन दबते, तिथे पाणी साचतं आणि रोप पिवळं पडतं. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरा, असं कृषी विद्यापीठ सांगतं. तोवर उतरवायला भरपूर वेळ आहे. बोल्ट, नट, वायसर ग्रीस लावून एका डब्यात ठेवा. पुढच्या वेळी चढवण्याआधी आटे डिझेलने पुसून कोरडे करा.

आज नांगर जोडलेला असेल तर पाना सीटखाली टाका आणि मोबाइलमध्ये दोन तासांचा गजर लावा. गजर वाजला की नांगराची ओळ अर्धवट असली तरी उतरा.